मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती, हिशोब कसा करायचा

आईच्या तिकिटावर होतं, मुंबईहून रात्री १:३० ला सुटणार, न्यूयॉर्कला सकाळी ७ ला पोचणार, तारीखही तीच. तिला वाटलं साडेपाच तासांचा प्रवास! तिचे पाय सुजतात, त्यामुळे खरे तास कळणं गरजेचं होतं, म्हणून कागद-पेन घेऊन तिला सगळं मांडून दाखवलं. तेच इथे लिहितोय, कुठल्याही दोन शहरांना चालेल.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका, नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल, घोळ तिथेच होतो. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून धरा. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर दोरा साधारण साडेएकोणतीस सेंमी भरतो आणि गोलाचा अख्खा घेर ९४ सेंमी म्हणजे ४०,००० किमी, मग २९.५ ला ९४ ने भागा, ४०,००० ने गुणा, साधारण १२,५०० किमी येतात. दोरा कुठून जातो तेही नीट बघा, तो अरबस्तानाकडे वळतच नाही, वर रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँडच्या जवळून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागून कॅनडावर उतरतो, मला हे बघायला फार आवडतं. पृथ्वीगोल नसेल तर कॉम्प्युटरवर गूगल मॅप्समध्ये राइट क्लिक करून अंतर मोजता येतं.

मग तास. मोठं विमान ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं, म्हणजे जवळजवळ १४ तास, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास. पण एवढ्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, त्यामुळे जाताना १६ च्या आसपास लागतात आणि येताना १४-साडेचौदा. शिवाय विमान दोऱ्याच्या रेषेवरूनच जाईल असं नाही, २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा वळसे घ्यावे लागले.

आता घड्याळ. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. आईचं तिकीट जानेवारीचं, म्हणजे तिथले सकाळचे ७ तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, रात्री दीडपासून मोजा, बरोबर १६ तास. येताना उलटं, तिथून सकाळी ११:३० ला निघालं आणि १४ तास लागले तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२.

दुबईवरून गेलात तर अंतर ४००-५०० किमीच वाढतं, वेळ खातो तो मधला थांबा, त्याचे तास वेगळे धरा. पाय सुजणाऱ्यांना मधे चालायला मिळतं हे मला तरी सोयीचं वाटतं.

आणि तारीख दोनदा वाचा. १५ तारखेच्या रात्री १:३० चं विमान म्हणजे १४ ला रात्री जेवून घराबाहेर पडायचं, १५ ला रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच उडालेलं असेल.