पायथनच्या डॉक्युमेंटेशनमधली चूक कशी दुरुस्त करायची
पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे माहितीच्या पानांत, राउंड(२.५) चं, म्हणजे २.५ जवळच्या पूर्ण संख्येत बदलल्याचं, उत्तर ३ नाही तर २ येतं हे वाचून मी रात्री राजारामपुरीतल्या खोलीवर ओरडलो, "भावा, चूक घावली!" घावली कसली! पायथन ३ मध्ये दोन पूर्ण संख्यांच्या बरोबर मधला आकडा त्यांतल्या सम संख्येकडं जातो. म्हणून आधी स्वतः चालवून बघा. मग डेव्हलपमेंट आवृत्तीचं, म्हणजे अजून काम चालू असलेल्या पुढच्या आवृत्तीचं, तेच पान उघडा. कुणीतरी आधीच दुरुस्त केलेलं असू शकतं.

खरंच चूक असली तर गिटहब या कोडच्या वेबसाइटवर सीपायथन, म्हणजे पायथनचा मूळ प्रकल्प, फोर्क करा, म्हणजे त्याची स्वतःची प्रत काढा. मजकूर 'डॉक' फोल्डरमधल्या आरएसटी फायलींत, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या फायलींत, असतो. बदल केला की तिथंच 'मेक एचटीएमएल' ही पान तयार करणारी कमांड चालवून पान डोळ्यांनी बघा. एक बॅकटिक (` ही खूण) सुटला तरी घोळ होतो. नुसत्या स्पेलिंगसाठी वेगळा इश्यू, म्हणजे चुकीची नोंद, लागत नाही, थेट पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या अशी विनंती, टाका. पहिल्या वेळी तेवढी योगदान करारावर, म्हणजे तुमचं काम वापरायची परवानगी देणाऱ्या करारावर, ऑनलाइन सही करावी लागते.