घरी पीसीबी करताना: आधी कागदावर, मग तांब्यावर

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट टोचायच्या बोर्डवर) चालणारं सर्किट पीसीबीवर, म्हणजे तांब्याच्या ट्रॅकच्या छापील बोर्डवर, पक्कं करायचं तर पहिला बोर्ड सिंगल-साइडेडच (एकाच बाजूला तांबं असलेला) घ्या. इथे लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरवायचा आणि बाकीचं तांबं द्रावणात विरघळवायचं, अशी पद्धत आहे. दोन्ही बाजूंचे ट्रॅक घरी जुळवणं जिकिरीचं असतं. ट्रॅक एकमेकांना आडवे गेलेच, तर वरून तारेचा जंपर टाकला की भागतं.

किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक ०.८ ते १ मिमी, दोन ट्रॅकमधलं अंतर किमान ०.५ मिमी आणि पॅड (पिन सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके) २ मिमीचे ठेवा. सॉफ्टवेअरमधले मूळचे बारीक ट्रॅक कारखान्यासाठी असतात, इस्त्रीने ते नीट उतरत नाहीत.

प्रिंट १०० टक्के स्केलवर काढा. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला तर आयसीच्या २८ पिनांच्या सॉकेटच्या शेवटच्या पिना भोकांत जातच नाहीत. म्हणून आधी साध्या कागदावर प्रिंट काढून जाड पुठ्ठ्यावर ठेवा आणि सगळे पार्ट त्यात टोचून बघा. खालच्या बाजूच्या तांब्यासाठी मिरर (आरशासारखी उलटी प्रिंट) लावायचा नाही. अक्षरं कागदावर उलटी दिसली, म्हणजे तांब्यावर सुलटी येणार.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं, पण रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड) एफआर-४ चाच, म्हणजे काचतंतूंचा, मागा. तपकिरी फिनोलिक स्वस्त पडतो, पण सोल्डरिंग गन जरा जास्त टेकली की त्याचे पॅड उचकटतात.

तांबं काथ्याने घासून लखलखीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नंतर बोट लावू नका. ग्लॉसी कागदावरची लेझर प्रिंट पालथी ठेवून, वाफ बंद करून, कडक इस्त्री तीन-चार मिनिटं दाबा. कडांवर जास्त वेळ द्या, टोनर तिथेच सुटतो. मग दहा मिनिटं पाण्यात भिजवून कागद बोटाने चोळून काढा. तुटलेली रेघ पर्मनंट मार्करने जोडा.

टोनर नसलेलं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड प्लॅस्टिकच्या ट्रेमध्येच, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. खडे पाण्यात टाका, खड्यांवर पाणी ओतू नका, कारण ते भसकन तापतं. ट्रे सतत हलवत राहा. नको असलेलं तांबं गेल्यावरही बोर्ड आत राहिला तर द्रावण टोनरखाली शिरून ट्रॅक कुरतडतं. उरलेलं मोरीत ओतायचं नाही, त्यात तांबं उतरलेलं असतं. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून पुन्हा वापरा, संपलं की घातक कचऱ्यात द्या. पावसाळ्यात उघडे राहिलेले खडे हवेतलं पाणी ओढून चिखल होतात, आणि उघडं तांबंही काळवंडतं. त्यावर अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या राळेचा हात मारा.

भोकं रेझिस्टर आणि आयसीला ०.८ मिमी, हेडर (पिनांची पट्टी) आणि १एन४००७ डायोडला १ मिमी. बुटके पार्ट आधी सोल्डर करा: जंपर, रेझिस्टर, सॉकेट, शेवटी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर.

एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर सॉकेटमध्ये घालण्याआधी ७ (पुरवठा) आणि ८ (ग्राउंड) नंबरच्या पिनांमध्ये शॉर्ट नाही ना, ते मल्टिमीटरने बघा. मग वीज देऊन ७ आणि २० वर ५ व्होल्ट मोजा. २० नंबर हा एडीसीचा (अ‍ॅनालॉग सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या भागाचा) पुरवठा; 'एडीसी वापरायचंच नाही' म्हणून ती पिन बरेच जण मोकळी सोडतात, पण २३ ते २६ या पिना त्याच पुरवठ्यावर चालतात.