डाळिंबाच्या पानावर ठिपका दिसला तर आधी हे करा

सांगोल्याच्या अलीकडे आमची दीड एकर भगवा जातीची डाळिंबाची बाग आहे. एका मृग बहारात पानांवर ठिपके आले. दुकानात बुरशी म्हणून सांगितलं, आम्ही बुरशीनाशकाच्या तीन फवारण्या घेतल्या. तो तेल्या निघाला, म्हणजे बुरशीचा नाही, जिवाणूचा रोग. तडकलेल्या फळांचा झाडाखाली सडा पडला होता. तेव्हापासून मी आधी ठिपका तपासते, मग औषधाचं बघते.

पाऊस उघडला की सकाळी पान तोडून उजेडासमोर धरा. तेल्याचा ठिपका तेल सांडलेल्या कागदासारखा आरपार दिसतो. जुना, काळा पडलेला ठिपका घेऊ नका. त्यावर नंतर बुरशी बसते आणि फसगत होते. ताज्या ठिपक्याची कड आणि थोडा हिरवा भाग येईल असा तुकडा नव्या ब्लेडने कापा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर पातळ काच, आणि दोन मिनिटं थांबा. शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरतो, शंभरपट. कापलेल्या कडेतून उदबत्तीच्या धुरासारखे लोट निघाले, तर ते जिवाणू आहेत. निरोगी पानाचा तुकडाही बघून घ्या, फरक लगेच कळतो.

तेल्याचा हा जिवाणू, झॅन्थोमोनास, पानाच्या रंध्रातून किंवा जखमेतून आत शिरतो आणि सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं थेट पेशीत टोचतो. डाळिंब तेव्हा पेशीभित्तीवर कॅलोजचा (झाड स्वतःच बनवतं त्या पदार्थाचा) लेप देऊन वाट बुजवत असतं. जिवाणूने टोचलेलं झॉप-एन हे प्रथिन त्यातच खोडा घालतं. संशोधकांनी त्याचं जनुक निकामी केलेला जिवाणू डाळिंबात सोडला, तर त्याची वाढ मंदावली आणि कॅलोज जास्त साचलं. हे वाचलं आणि आमचं कुठे चुकलं ते मला उमगलं. ठिपका दिसेपर्यंत टोचणी होऊन गेलेली असते, आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण, तर पानाच्या वरच राहतो. जिवाणूला आत येऊच द्यायचा नाही, खरं काम ते.

म्हणून रोगट फांदी डागाच्या दोन इंच खालून छाटा, पाला वेचून जाळा. एक टक्का बोर्डोला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. प्लास्टिकच्या पिंपात करा, त्याच दिवशी संपवा. विळ्याचं पातं बुडवून तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. शंका राहिलीच तर सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारा.

आणि कात्री. प्रत्येक झाडानंतर अडीच टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायची. आम्ही प्रत्येकाला दोन कात्र्या देतो: एक हातात, एक डब्यात.