नवा पेनवाला लॅपटॉप: आधी हात सांगा

पेन असलेला नवा लॅपटॉप आणलात? चित्रं काढायला बसण्याआधी विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ आणि त्यात ‘पेन अँड विंडोज इंक’ उघडा. कोणत्या हातानं लिहिता ते तिथं निवडा. डावखुऱ्यांनी तर हे चुकवूच नये! विंडोज मुळात उजवा हात गृहीत धरतं, त्यामुळे मेनू नेमके तुमच्या तळव्याखाली उघडतात आणि दिसतच नाहीत.

पेनच्या मागच्या टोकाला बटण असेल तर एकदा, दोनदा किंवा धरून दाबल्यावर काय उघडावं, तेही इथंच ठरतं. दोनदा दाबण्यावर स्क्रीनशॉट ठेवा, फार कामाला येतो. या बटणासाठी पेन ब्लूटूथनं जोडावं लागतं; नुसतं लिहायला बहुतेक पेनांना जोडणी लागत नाही.