कूलर उतरवताना कंबर धरली, तर काय करावे?

होळी झाली की नागपुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली येतात, आणि त्यासोबत कुणाची ना कुणाची कंबर धरते. वर्षभर पाण्याच्या बाटलीपेक्षा जड काही न उचललेला माणूस रविवारी सकाळी लोखंडी सांगाडा कवेत घेऊन जिना उतरतो आणि मधल्या पायरीवर कमरेत चमक निघते. मग घरातले सगळे एकच सांगतात, "आडवा हो, अजिबात हलू नको."

सल्ला प्रेमाचा असतो, पण चुकीचा. रोजच्या पाठदुखीत, कंबरदुखीत आणि बऱ्याचशा गुडघेदुखीत लागते ती थोडी विश्रांती, लवकर सुरू केलेली हालचाल आणि हळूहळू वाढवलेली ताकद. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या सुमारे ९० टक्के दुखण्यांमागे एखादा विशिष्ट आजार किंवा मोडतोड दाखवता येत नाही. अशी अचानक आलेली कंबरदुखी बहुतेकांची चार ते सहा आठवड्यांत बरीच ओसरते.

पायरी १ : आधी धोक्याच्या खुणा बघा

ही पायरी गाळू नका. कंबरदुखीसोबत लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती कमी होत चालली, तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. मणक्यातल्या नसांवर दाब आल्याची ही लक्षणे असतात आणि उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते.

ताप, कारण नसताना घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, गाडीवरून पडणे, किंवा वयस्कर माणसाचे न्हाणीघरात साधे घसरणे, यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही होतो. तो बरा होतो, पण वेळेत सापडला तरच. आणि छातीत कळ येऊन ती खांद्यात, हातात किंवा जबड्यात जात असेल, तर तिला स्नायूचे दुखणे समजून बाम चोळत बसू नका.

आपल्या भागात आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे, प्रमाण मोठे आहे. लहानपणापासून वरचेवर हाडे-सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात, अशक्तपणा राहतो, असे असेल तर मालीश करत बसण्याऐवजी रक्ताची चाचणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रातही ती होते. सिकलसेलच्या रुग्णाने दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, कारण थंडीने आणि अंगातले पाणी कमी झाल्याने त्याची कळ वाढू शकते.

दुसरी गोष्ट मुतखड्याची. नागपूरच्या उन्हाळ्यात घाम भरपूर जातो आणि पाणी पिणे मागे पडते. बरगड्यांच्या खाली एका बाजूला लाटांसारखी कळ येते, ती जांघेकडे उतरते, माणूस कोणत्याही कुशीवर स्वस्थ पडू शकत नाही. ही कंबर लचकल्याची तऱ्हा नाही. लचकलेल्या कमरेला एखादी तरी बरी वाटणारी स्थिती सापडते.

तिसरा चिकनगुनिया. पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप येऊन मनगटे, घोटे, बोटे आखडली तर आधी रक्त तपासा. २००६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नागपूरकरांनी हे दुखणे चांगलेच अनुभवले आहे. ताप जातो, सांधे मात्र कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने कुरकुरतात.

पायरी २ : पहिले दोन दिवस

धोक्याची खूण नसेल तर आडवे व्हा, पण अंथरुणाला खिळू नका. जमिनीवर सतरंजी टाकून पाठीवर झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत कंबर सैल पडते. कुशीवर झोपायचे असेल तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या. उठताना पाठीवरून ताडकन बसू नका: गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताच्या जोराने अंग वर आणा.

जागेपणी तासा-दीड तासाने उठून घरातल्या घरात पाच मिनिटे चाला. दुखेल; पण चालताना दुखणे म्हणजे आत काही फाटते आहे असे नव्हे. दोन दिवसांहून जास्त पडून राहिले की स्नायू आणखी आखडतात आणि बरे व्हायला उलट उशीर लागतो.

शेक की बर्फ, यावर घरोघरी वाद होतात. साधा नियम असा: पाय नुकताच मुरगळला असेल आणि सूज असेल तर पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, आखडलेल्या पाठीला, मानेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटे. पिशवी आणि कातडी यांच्यामध्ये टॉवेल हवाच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पायाला शेक देऊ नये. भाजले तरी कळत नाही.

उसण भरली की पाय लावून घ्यायला पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाला शोधायची पद्धत अजून आहे. हलका पाय लावून घेतल्याने बिघडत काही नाही, पण उसण चार-सहा दिवसांत आपसूक निघते आणि श्रेय तिसऱ्या दिवशी आलेल्या पायाळूला मिळते. जोराची लाथ, मानेला झटका, "हाड बसवून देतो" म्हणत दिलेला हिसका मात्र नको. तेल कोमट करून हलक्या हाताने चोळणे पुरेसे आहे.

पायरी ३ : गोळी जपून

औषधाच्या दुकानात "कंबर धरली भाऊ" म्हटले की डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन हातात पडते. या गोळ्या काम करतात, पण उपाशीपोटी घेऊ नयेत आणि डॉक्टरांना न विचारता आठवडे-महिने चालू ठेवू नयेत. पोटात व्रण, किडनीचा त्रास, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, रक्त पातळ करायची औषधे, गर्भारपण, यांपैकी काहीही असेल तर आधी विचारा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना दिवसभर उन्हात राबून, कमी पाणी पिऊन रात्री ही गोळी घेणे किडनीला महागात पडू शकते. आणि अंगदुखीसोबत ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन नकोच, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गुडघ्यांसाठी बिननावाच्या पुड्या विकणारे असतात. एका पुडीत आजी जिना चढायला लागल्या तर आनंद मानण्याआधी शंका घ्या. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि ते एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. बरेच दिवस अशी पुडी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवूनच थांबवा.

पायरी ४ : कूलर, बादली, कट्टा

आता मूळ कारणाकडे. कूलर हलवायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साठ लिटरची टाकी भरलेली असताना कूलर कमरेने ढकलणे म्हणजे एक माणूस ढकलणे. गवताच्या ताट्या आणि पंप आधी काढून वेगळे उतरवा. सांगाडा दोघांनी धरा, आणि जिन्यात कोण पुढे, कोण मागे, कुठे टेकवायचा, हे उचलण्याआधी ठरवा. निम्म्या जिन्यात चर्चा सुरू झाली की कंबर जाते. रोज संध्याकाळी वीस लिटरच्या बादल्या ओतण्यापेक्षा नळाला पाइप लावा. पाइप पोहोचत नसेल तर अर्धी बादली आणि दुप्पट खेपा.

उचलण्याची रीत: वस्तूच्या अगदी जवळ जा, पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघ्यांत आणि खुब्यात वाका, वस्तू पोटाशी घ्या, मग उठा. हात लांब करून धरलेले तेच वजन कमरेला कितीतरी पट जास्त पडते. वजन हातात असताना कंबर पिळू नका, पावले टाकून वळा. तांदळाचा कट्टा एकट्याने ओढण्यात मर्दुमकी नाही, त्याचे दोन पिशव्यांत वाटप करा.

पायरी ५ : गाडी, ऑफिस, ओटा

दुचाकी मेन स्टँडवर घेताना आपण हातांनी आणि कमरेने हिसका देतो. शरीराचे वजन स्टँडवरच्या पायावर टाका, गाडी आपणच मागे येते. गतिरोधक दिसला की वेग कमी करा आणि पायांवर भार घेऊन सीटवरून किंचित उठा. बसल्या बसल्या आदळलेला प्रत्येक धक्का सरळ मणक्यात जातो. खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून सीताबर्डीच्या गर्दीतून जाणाऱ्यांची मान दुखली तर नवल नाही. तिथे मानेपेक्षा डोक्याची काळजी आधी घ्यावी.

मिहानमधल्या ऑफिसात किंवा घरच्या टेबलावर महागडी खुर्ची नसली तरी चालते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी, कोपरे टेकलेली, पावले जमिनीवर. लॅपटॉप असेल तर तो वह्यांच्या गठ्ठ्यावर चढवा आणि कीबोर्ड वेगळा जोडा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्ध्या तासाने उठा. आदर्श बैठकीत चार तास बसण्यापेक्षा वाकडे-तिकडे बसून वारंवार उठणारा सुखी असतो.

ओट्यापाशी उभे राहताना एक पाय खाली पाटावर ठेवा, थोड्या वेळाने बदला. पापड-कुरडयांच्या दिवसांत मांडी घालून तासन् तास बसणे होते. पाठीला भिंत घ्या, बसायची बाजू बदला, आणि घरातल्या पुरुषांना वाळवण गच्चीवर न्यायला लावा.

पायरी ६ : ताकद वाढवा

हीच खरी प्रतिबंधक पायरी, आणि कंबर बरी वाटू लागली की लोक नेमकी हीच सोडून देतात. तीव्र कळ ओसरल्यावर सुरू करा.

पाठीवर झोपून गुडघे वाकवा, कंबर उचला, पाच मोजा, खाली आणा. असे दहा वेळा. मग हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवा, पाच मोजा, बाजू बदला. प्रत्येक बाजूला आठ वेळा. मग खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, दहा वेळा. मानेसाठी आणि खांद्यासाठी भिंतीला हात टेकून दंड. एवढ्याला पंधरा मिनिटे लागतात. आठवड्यातून तीन दिवस करा, श्वास रोखू नका. व्यायामाने थोडे दुखून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमत असेल तर प्रमाण बरोबर. वाढून राहिले तर संख्या निम्मी करा. सूर्यनमस्कार उत्तम, पण कंबर धरलेली असताना पुढे वाकून त्यांची सुरुवात करू नका.

गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, मांडी कडक करून पाच मोजायचे आणि सोडायचे. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. वजनाचा हिशेबही ऐका: एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तर्री-पोहे सोडा असे मी म्हणणार नाही, दुसरी प्लेट सोडा. सकाळी पहिली पावले टाकताना टाच ठणकत असेल तर घरातल्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी फिरणे बंद करून मऊ चप्पल घाला आणि पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम करा.

चालण्यासाठी अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आहेतच. एप्रिल ते जून मात्र सकाळी साडेसहाच्या आत परतायचे, नाहीतर गच्चीवर रात्री.

पायरी ७ : तरीही थांबले नाही तर

चार ते सहा आठवड्यांत उतार नसेल, किंवा कळ पायात गुडघ्याखाली उतरत असेल, तर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दोघांना भेटा. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले राहतात आणि बोटांच्या पेरांवर सूज येते, किंवा तरुण वयात कंबर रात्री जास्त दुखते आणि हिंडल्या-फिरल्यावर बरी वाटते, तर संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जा. मधुमेहींचा खांदा आखडून हात वर जाईनासा झाला तर वाट बघत बसू नका.

एमआरआयची घाई मात्र नको. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांच्या एमआरआयमध्येही सुमारे ३० टक्क्यांत मणक्यांमधली चकती (डिस्क) फुगलेली दिसते आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ८४ टक्क्यांपर्यंत जाते. अहवालात "डिस्क बल्ज" वाचून आयुष्यभर वाकायचे सोडलेली माणसे धडधाकट असूनही आजारी होतात. डॉक्टर तपासून म्हणतील तेव्हा काढा.

मेडिकल, मेयो किंवा मिहानचे एम्स या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत डॉक्टरांना तुमच्यासाठी मिनिटे मोजकीच मिळतात. म्हणून जाण्याआधी एका कागदावर लिहा: दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने कमी होते, रात्री झोप लागते का. आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. "ती गुलाबी, मधे रेघ असलेली" एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही.