ब्रॉडवेच्या कोणत्या थेटरात पुढं काय लागणार? इंदूरला बसून तुक्का असा मारायचा

इंदूरची नाटकं आणणारी आपली संस्था सानंद, तिचं पुढचं नाटक कोणतं यावर आपल्याकडे मध्यंतरात चहा घेता घेता पैजा लागतात ना, तसाच ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थेटरांचाही तुक्का मारता येतो, आणि ज्यांची मुलं न्यू जर्सीला आहेत आणि एप्रिल-मेत तिकडं जायचं चाललंय त्यांना तर याचा उपयोगही आहे.

आधी एक करा, नाटकांची यादी घेऊन बसू नका. 'लवकरच ब्रॉडवेवर' म्हणून काहीही जाहीर होत असतं, त्यातली बरीचशी कधी येतच नाहीत. यादी थेटरांची करा. एकूण ४१ आहेत, वहीत तीन रकाने पाडा: थेटर, सीटा, मालक. मालकांत शुबर्टवाल्यांची १७, नेडरलँडरची ९, बाकीची इतरांची. राउंडअबाउट, मॅनहॅटन थिएटर क्लब, लिंकन सेंटर या संस्थांकडे स्वतःची थेटरं आहेत आणि त्या आपला सीझन स्वतःच जाहीर करतात, तिथं डोकं लावायची गरज नाही.

मग जी हलणार नाहीत ती खोडा. गर्शविनमध्ये २००३ पासून विकेड, रिचर्ड रॉजर्समध्ये २०१५ पासून हॅमिल्टन, युजीन ओनीलमध्ये २०११ पासून बुक ऑफ मॉर्मन, मिन्स्कॉफला लायन किंग, आणि न्यू अ‍ॅमस्टरडॅमला अलादीन, ते तर डिस्नीच्याच हातात आहे. पण पेन्सिलनी खोडा हं, मॅजेस्टिकमध्ये १९८८ पासून ठाण मांडून बसलेला फँटमसुद्धा एप्रिल २०२३ मध्ये उठलाच की.

आता खरी मजा, उरलेल्यांपैकी कोण उठणार? दर आठवड्याचा गल्ला जाहीर होतो, कोणीही बघू शकतं. नुसतं हाउसफुल बघून फसू नका, तिकिटाचा सरासरी भाव बघा. सीटा भरल्यात पण भाव दर आठवड्याला उतरतोय म्हणजे तिकिटं स्वस्तात काढणं चाललंय. आणि करारात बहुतेक एक कलम असतं की गल्ला ठरलेल्या आकड्याखाली सलग दोन आठवडे गेला तर मालक नाटकाला जा म्हणू शकतो. ख्रिसमसच्या आठवड्यात सगळेच कमावतात हो, त्यावर जाऊ नका, जानेवारी-फेब्रुवारीत जो टिकला तो खरा.

तारखा उलट्या मोजा, हा माझा सगळ्यात आवडता भाग. ब्रॉडवेच्या नाटकांना मिळणाऱ्या टोनी पुरस्कारात बसायचं तर एप्रिलच्या शेवटापर्यंत ओपनिंग व्हायला लागतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये नवीन नाटकांची नुसती झुंबड. एप्रिलमध्ये ओपनिंग म्हणजे मार्चमध्ये प्रिव्ह्यू (ओपनिंगच्या आधीचे तिकीट लावून केलेले प्रयोग), त्याच्या आधी काही आठवडे सेट लावायला, म्हणजे आधीचं नाटक जानेवारीत नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघायला हवं. जानेवारीत बंद होतंय असं कळलं की त्या थेटरासमोर लगेच खूण करा, तिथं एप्रिलला बहुतेक काहीतरी येणारच.

शेवटी जुळवाजुळव. मोठं म्युझिकल हेज थेटरात नाही मावत, तिथं ६०० सुद्धा सीटा नाहीत, आणि चार पात्रांचं नाटक १९०० सीटांच्या गर्शविनमध्ये कोण घालणार. अपवाद स्टारचा. २०२५ मध्ये जॉर्ज क्लूनीचं नाटक विंटर गार्डनमध्ये लागलं, जिथं आधी कॅट्स आणि मामा मिया वर्षानुवर्षं चालली होती. असे स्टार थोड्या आठवड्यांसाठीच येतात, म्हणून त्यांच्या मागे कोण येणार हे आधीच शोधून ठेवा. लंडनवरही नजर ठेवा, शिकागो शहरावरही, बरीच नाटकं आधी तिकडं होऊन मग ब्रॉडवेला येतात, आणि फक्त तिकडंच असं नाही, बेलास्कोमध्ये २०२४ ला लागलेलं मेबी हॅपी एंडिंग आधी सेऊलला झालं होतं, आणि ते किती छोटं! मुख्य पात्रं दोन रोबोट, थेटर साधारण हजार सीटांचं, बरोब्बर माप.

तिकीट काढायची घाई मात्र करू नका भिया. थेटरचं नाव आणि पहिल्या प्रिव्ह्यूची तारीख दोन्ही छापून आली की मगच मुलाला काढायला सांगा, 'या सीझनमध्ये' एवढंच लिहिलेलं असेल तर विमानाचं तिकीट त्याच्या भरवशावर अजिबात ठरवायचं नाही.