गल्ल्यावरचा फोन आणि टॅलीचा कॉम्प्युटर: दुकानदार भाऊंनो, एवढं तरी करून ठेवा

आपल्याकडे हॅकर म्हटलं की लोकांना वाटतं तो मोठमोठ्या बँका लुटतो, पाचोऱ्याच्या भांड्याच्या दुकानात त्याला काय भेटणार. अहो, त्याला तुमचं दुकान माहीतच नसतं, तो एकच मेसेज हजारो नंबरांवर टाकतो, जो फसला तो फसला. आणि आपल्याकडची सगळ्यात कच्ची जागा म्हणजे गल्ल्यावर पडेल असतो तो फोन. त्याच्यावरच बँकेचे ओटीपी, त्याच्यावरच यूपीआय, त्याच्यावरच उधारीवाल्यांचं व्हॉट्सॲप, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की पोरगं त्याच्यावरच गेम खेळून राहिलं असतं.

तर पहिले हे करा. मोठी रक्कम, सीसी, ओडी (धंद्यासाठी बँकेने दिलेली कर्जाची मर्यादा) ज्या खात्यात आहे त्याला लिंक असलेलं सिम साध्या बटनवाल्या फोनमध्ये टाका आणि तो फोन घरी कपाटात नाहीतर स्वतःच्या खिशात. काउंटरच्या क्यूआरसाठी वेगळं छोटं खातं, वेगळा नंबर, त्यात दिवसभर जे जमा होईल ते रात्री मोठ्या खात्यात वळतं करायचं. मग गल्ल्यावरचा फोन पूर्ण हातातून गेला तरी त्या दिवसाच्या धंद्यावर भागतं. दोन खाती सांभाळायचा कंटाळा येतो हे खरं, पण माझ्या मते बाकी सगळ्या उपायांपेक्षा हा एकच भारी आहे.

आता एपीकेचं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नसराई असते तेव्हा व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' म्हणून फाइल येते, कधी आरटीओचं चलन, कधी पीएम किसान. नाव नीट शेवटपर्यंत वाचा: पत्रिका असेल तर शेवटी पीडीएफ किंवा जेपीजी असतं, एपीके दिसलं म्हणजे ते ॲप आहे, पत्रिका नाही. टाकलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तुम्ही घाईत 'अलाऊ' दाबता आणि ओटीपी परस्पर चोराकडे जातात, वर बऱ्याचदा तीच फाइल तुमच्या नावाने सगळ्या पाहुण्यांना जाते, म्हणून ओळखीच्या नंबरवरून आली तरी भरवसा ठेवायचा नाही. चुकून टाकलंच तर लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि मग फोन रिसेट मारा.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, अकाउंट, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन टाका. लिंक्ड डिव्हाइसमध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर काढा.

रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्यांनी हे जास्त मनावर घ्या. माल बाहेरच्या राज्यात जातो, गाडीभाड्याचा ॲडव्हान्स, पार्टीचं पेमेंट, सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. अचानक मेसेज येतो, 'शेठ, ते खातं बंद आहे, या नंबरवर टाका'. डीपी तोच, भाषा पण तीच. अशा वेळी त्या मेसेजला उत्तर नका देऊ, त्यात दिलेल्या नंबरवर पण नको, तुमच्याकडे जुना सेव्ह असलेल्या नंबरवर फोन लावा आणि माणसाचा आवाज ऐका. एनईएफटी, आरटीजीएस करताना बँका आता खातेदाराचं नाव दाखवतात, ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पार्टी नाराज होईल म्हणता? चार लाख गेल्यावर कोण राजी राहणार आहे!

टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप म्हणजे त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये कॉपी, हे चालत नाही. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं की सी आणि डी दोन्ही लॉक, लावून ठेवेल पेन ड्राइव्ह पण गेला. दोन ड्राइव्ह घ्या, आलटून पालटून कॉपी करा, काम झालं की काढा, एक घरी ठेवा. अधूनमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा, कारण बॅकअप आहे म्हणतात आणि मार्चमध्ये फाइलच उघडत नाही. फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर तर काढूनच टाका, त्याच्यासोबत काय काय येतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, त्याच्यावर नेट बँकिंग करत असाल तर कॉम्प्युटर बदलायचा विचार करा.

बाकी थोडक्यात. स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नाही, साउंडबॉक्स बोलला नाहीतर खात्यात दिसलं तरच माल द्या. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. सकाळी शटर उघडलं की क्यूआरवर दुसरं स्टिकर कोणी लावेल नाही ना ते नखाने खरडून पाहा. 'बँकेतून बोलतोय' म्हणत कोणी एनीडेस्क (दुसऱ्याला दुरून आपला फोन दिसतो ते ॲप) टाकायला लावलं तर फोन कट.

आणि पैसे गेलेच तर लाजून बसू नका, 'लोक काय म्हणतील' नंतर बघू. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, बँकेला पण कळवा, जेवढ्या लवकर कळवाल तेवढी रक्कम पुढच्या खात्यात अडकवायची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर पण होते. फोन लावताना खातं नंबर, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर (बँकेच्या मेसेजमधला संदर्भ) नंबर समोर ठेवा. बँकेचा हेल्पलाइन नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकेल असतात, एटीएम कार्डाच्या मागचा पाहून आत्ताच गल्ल्याच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.